दम, जिना आणि हृदय : एका परीक्षेची गोष्ट

गणपतीच्या दहा दिवसांत मंडळाच्या जिन्यापाशी उभे राहिले की कोण किती थकले ते आपोआप कळते. दांडिया बाजारातल्या वाड्यांचे लाकडी जिने जे लहानपणी एकेक पायरी गाळून चढत, तेच आता सभागृहाच्या पहिल्या मजल्याकडे पाहून म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे, आम्ही खालूनच हात जोडतो." प्रसाद खाली पोचतो, आरतीचा आवाजही पोचतो. पुढच्या वर्षी मात्र त्यांतले एखादे माणूस खालच्या खुर्चीवरही दिसत नाही.

आमच्या काकांचे तसेच होणार, असे आम्ही धरून चाललो होतो. तीन वर्षांपूर्वी त्यांना दम लागू लागला, पाय सुजले. इको काढला, तेव्हा "पंपिंग २५ टक्के" असा शब्द घरात आला आणि त्या दिवसापासून घराचा नूरच बदलला. काकांचा पलंग दिवाणखान्यात आणला. ताट पलंगावर, पेपर पलंगावर. पाण्याचा पेलाही कोणी त्यांना उचलू देईना. सगळे प्रेमापोटीच चालले होते. वर्षभराने नव्या डॉक्टरांनी विचारले, "काका, किती चालता?" तेव्हा काकांनी आमच्याकडे पाहिले आणि आम्ही एकमेकांकडे. उत्तर कोणाजवळच नव्हते.

डॉक्टरांनी एक परीक्षा लिहून दिली. तोंडावर मास्क लावून चालत्या पट्ट्यावर चालायचे, चालवेल तितके. आम्ही हबकलो. ज्यांचे हृदय थकले आहे, त्यांनाच पट्ट्यावर चढवायचे? डॉक्टर शांतपणे म्हणाले, "यांच्या पुढच्या दोन वर्षांबद्दल इकोपेक्षा ही परीक्षा मला जास्त सांगेल." आमच्यात कोणी वैद्यकातले नाही. पण हे वाक्य मनात राहिले, आणि गेल्या दोन वर्षांत या परीक्षेचा इतिहास आम्ही जमेल तसा वाचून काढला. तो वाचताना लक्षात आले की जी चूक आमच्या घराने वर्षभर केली, तीच वैद्यकशास्त्राने कितीतरी वर्षे केली होती. म्हणून हा लेख.

"बरं चाललंय" या उत्तराची अडचण

प्रथम एक गैरसमज दूर करू. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला जेवढे रक्त हवे तेवढे पुरवणे हृदयाला जमेनासे होते, किंवा ते पुरवताना फुप्फुसांत आणि पायांत पाणी साठू लागते, त्या अवस्थेला हे नाव आहे. कारणे अनेक : जुना हार्ट अॅटॅक, वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेला रक्तदाब, झडपांचा आजार, हृदयाच्या स्नायूचाच आजार.

अशा रुग्णाचे पुढे काय होणार, हे डॉक्टरांनी कशावरून ठरवायचे? न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने १९२८ मध्ये एक सोपी प्रतवारी सुचवली, ती आजही वापरात आहे. नेहमीच्या कामाने त्रास होत नाही तो पहिला वर्ग. नेहमीच्या कामाने दम लागतो तो दुसरा. थोड्याशा कामानेही लागतो तो तिसरा. आणि बसल्या जागीही लागतो तो चौथा.

प्रतवारी चांगली, पण ती उभी आहे रुग्णाच्या सांगण्यावर. आपल्या घरांतली वडीलधारी मंडळी काय सांगतात, हे आपल्याला ठाऊक आहे. "कसं वाटतंय?" "बरं चाललंय." यात खोटेपणा नसतो. ज्याने दोन वर्षांपूर्वीच जिना सोडला, त्याला जिन्यावर दम लागतच नाही. आधी बाजार सुटतो, मग जिना, मग अंगण, आणि प्रत्येक टप्प्यावर माणूस खरेच म्हणतो, "आता काही त्रास नाही." आजार वाढत जातो आणि जगणे त्याच्या मापाने आखडत जाते. बसलेल्या माणसाला प्रश्न विचारून हे कळत नाही. त्याला उठवून चालवावे लागते.

लाकूड कापणारा रुग्ण

हृदयरोग्याने हालचाल करावी की करू नये, हा वाद जुना आहे. विल्यम हेबर्डन या अठराव्या शतकातल्या लंडनच्या डॉक्टरांनी छातीत कळ येण्याच्या आजाराचे, म्हणजे अंजायनाचे, पहिले नीट वर्णन केले. त्यांच्या नोंदींत एका रुग्णाचा उल्लेख आहे. त्याने रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापण्याचे काम स्वतःला लावून घेतले, आणि तो जवळजवळ बरा झाला. डब्लिनचे विल्यम स्टोक्स यांनी १८५४ च्या आपल्या ग्रंथात काही हृदयरुग्णांना हळूहळू चालणे वाढवण्याचा सल्ला दिला. १८८० च्या दशकात म्युनिकच्या माक्स योझेफ ओर्टेल यांनी तर चढाच्या वाटा आखून त्यांवर रुग्णांना बेताबेताने चालवण्याची पद्धतच बसवली.

पण विसाव्या शतकात वारे फिरले. थकलेल्या हृदयाला विश्रांती हवी, हे म्हणणे सगळ्यांना पटण्याजोगे होते. पाय मोडला की आपण तो हलवत नाही, तसेच हृदयाचे. त्यामुळे कितीतरी दशके हार्ट फेल्युअरवरच्या उपचारांत अंथरुणातली सक्तीची विश्रांती मोठ्या मानाने नांदली. आमच्या घरातला पलंग दिवाणखान्यात आला तो याच शिकवणुकीच्या शिल्लक राहिलेल्या धाग्याने. पाठ्यपुस्तके बदलली, पण घराघरांतली समजूत तशीच राहिली.

श्वास मोजणारी माणसे

दुसरीकडे, डॉक्टरांच्या वाटेपासून दूर, काही शास्त्रज्ञ वेगळेच मोजमाप करत होते. पॅरिसमध्ये १७९० च्या सुमारास आंत्वान लाव्हाझिए यांनी आपला सहकारी सेगँ याच्या तोंडावर मुखवटा बसवला आणि बसलेला माणूस व काम करणारा माणूस किती ऑक्सिजन घेतो ते मोजले. पायाने वजन उचलताना सेगँचा ऑक्सिजन अडीच पटींहून अधिक वाढला. या प्रयोगांची चित्रे मादाम लाव्हाझिए यांनी काढली. त्यांत त्या स्वतःही टेबलाशी बसून नोंदी घेताना दिसतात. १७९४ मध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत लाव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला आणि काम अर्धे राहिले.

१८७० मध्ये जर्मनीत आडोल्फ फिक यांनी एक साधा हिशेब मांडला. शरीर एका मिनिटात किती ऑक्सिजन वापरते, आणि हृदयाकडून निघालेल्या व हृदयाकडे परतलेल्या रक्तातल्या ऑक्सिजनमध्ये किती फरक पडतो, हे कळले की हृदयाने मिनिटाला किती रक्त ढकलले ते काढता येते. दुकानातून किती माल गेला आणि किती परत आला हे पाहून गाडीने किती खेपा केल्या ते ओळखावे, तसेच हे. या हिशेबाचा अर्थ पुढे फार मोलाचा ठरला : श्वासातला ऑक्सिजन मोजणे म्हणजे एका परीने हृदयाचीच झडती घेणे.

ऑक्सफर्डचे क्लॉड डग्लस यांनी १९११ मध्ये सोडलेला श्वास गोळा करण्याची मोठी पिशवी तयार केली. ती पाठीवर घेऊन माणूस डोंगर चढू शके, पळू शके. अशीच पिशवी वापरून आर्चिबाल्ड हिल यांनी मँचेस्टरमध्ये गवताच्या धावपट्टीवर स्वतः धावून पाहिले आणि १९२३ मध्ये आपला निष्कर्ष मांडला. वेग वाढवत गेले की ऑक्सिजनची मागणी वाढते, पण एका टप्प्यानंतर तो घेणे वाढतच नाही. त्यांचा स्वतःचा आकडा मिनिटाला सुमारे ४ लिटरवर थांबला. माणसाच्या दमाला छत असते, आणि ते मोजता येते.

हे हिल म्हणजे १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३-४४ मध्ये, ते सल्लागार म्हणून भारतात येऊन राहिले आणि येथील वैज्ञानिक संशोधनाविषयी त्यांनी सरकारला अहवाल दिला. ज्यांचा अभ्यास एक दिवस आमच्या काकांच्या कामी आला, ते गृहस्थ आपल्या देशात येऊन गेले होते, हे वाचून आम्हांला उगीचच जवळीक वाटली.

प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गावात 'दम' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आखाड्यात कोणाचा दम किती, हे गुरूला जोर-बैठकांवरून कळते. हिल यांनी तो दम लिटरमध्ये मांडला, इतकेच.

तुरुंगातल्या चाकापासून दवाखान्यातल्या पट्ट्यापर्यंत

आज ट्रेडमिल म्हटले की जिम डोळ्यांपुढे येते. पण हे नाव आले तुरुंगातून. १८१८ मध्ये विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांसाठी पायऱ्यांचे एक मोठे चाक तयार केले. कैद्यांनी तासन्‌तास त्यावर चढत राहायचे आणि तेथल्या तेथेच राहायचे. ही शिक्षा इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोडीत निघाली. त्याच सुमारास बर्लिनमध्ये नाथान त्सुंट्झ यांनी घोड्यांच्या श्वासाचा अभ्यास करण्यासाठी चालता पट्टा बनवला. आधी कैदी, मग घोडा, आणि शेवटी हृदयरोगी, असा या यंत्राचा प्रवास आहे.

डॉक्टरांची पहिली परीक्षा मात्र जिन्याचीच होती. न्यूयॉर्कचे आर्थर मास्टर यांनी १९२९ मध्ये आपल्या सहकाऱ्यासह दोन पायऱ्यांची चाचणी मांडली. नऊ-नऊ इंचांच्या दोन पायऱ्या. एका बाजूने चढायचे, दुसऱ्या बाजूने उतरायचे, वळून पुन्हा तेच, दीड मिनिट. वय आणि वजन पाहून किती फेऱ्या करायच्या याची कोष्टके होती. नंतर नाडी आणि रक्तदाब किती वेळात पूर्वपदावर येतात ते पाहायचे. पुढे त्याला ईसीजीची जोड मिळाली.

सिएटलचे रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये पट्ट्यावरची ती पद्धत प्रसिद्ध केली, जी आज जगभर 'ब्रूस प्रोटोकॉल' म्हणून चालते. आपल्यापैकी अनेकांनी 'स्ट्रेस टेस्ट' म्हणून ती दिलेली असेल. सुरुवातीलाच दहा टक्के चढ आणि ताशी सुमारे २.७ किलोमीटरचा वेग. दर तीन मिनिटांनी चढही वाढतो आणि वेगही. ही परीक्षा मुख्यतः हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आहे का हे पाहण्यासाठी. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना इतका चढ झेपत नाही. त्यांच्यासाठी अधिक सावकाश वाढणाऱ्या पद्धती आल्या. मुख्य म्हणजे त्यांच्याबाबतीत विचारायचा प्रश्नच वेगळा होता : हृदयाची शिल्लक किती?

पंपिंग आणि पाय यांचा मेळ बसेना

१९७० च्या दशकात हृदयाची चित्रे काढण्याची यंत्रे सुधारली आणि हृदय एका ठोक्यात आपल्यातले किती टक्के रक्त बाहेर टाकते, म्हणजे आपण ज्याला पंपिंग म्हणतो ते, सहज मोजता येऊ लागले. निरोगी माणसात हा आकडा साधारण ५५ ते ७० च्या घरात असतो. आता सगळे कोडे सुटले, असे वाटले. पंपिंग कमी म्हणजे दम कमी.

१९८१ मध्ये जोसेफ फ्रान्सिओसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना चालवून पाहिले, तेव्हा हा सरळ हिशेब मोडला. बसलेले असताना मोजलेले पंपिंग आणि व्यायामाची ताकद यांचा मेळच बसेना. २० टक्केवाला भरपूर चालायचा; ३५ टक्केवाला दोन मिनिटांत खाली बसायचा.

असे का व्हावे? बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुरते. तेवढे थकलेले हृदयही कसेबसे पुरवते. निरोगी माणसाचे हृदय कष्टाच्या वेळी हेच काम तिप्पट-चौपट करते. आजारी हृदयाची खरी तूट तेथे दिसते. शिवाय चालणे हे एकट्या हृदयाचे काम नाही. फुप्फुसे, रक्तातले हिमोग्लोबिन, रक्तवाहिन्यांची लवचीकता, पायांचे स्नायू, सगळे त्यात आले. महिनोन्‌महिने पलंगावर पडून राहिलेल्याचे पाय काडीसारखे होतात, आणि मग दम हृदयामुळे लागतो की पायांमुळे, हे सांगणे कठीण होते. इको फक्त हृदय पाहतो. चालणारा माणूस सगळ्या घराचा जमाखर्च दाखवतो.

१९८२ मध्ये अमेरिकेत कार्ल वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या तोंडावर मास्क लावून, पट्ट्यावर चालवून, त्यांच्या श्वासातला ऑक्सिजन क्षणाक्षणाला मोजला आणि 'बरं चाललंय'च्या जागी आकडा ठेवला. बसलेला माणूस दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे साडेतीन मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. कष्टाच्या शिखरावर हा आकडा २० च्या वर गेला तर 'अ' वर्ग, १६ ते २० 'ब', १० ते १६ 'क', आणि १० च्या खाली 'ड'. तुलनेसाठी सांगायचे, तर पट्टीच्या धावपटूचा आकडा ७० च्या पुढे जातो. वैद्यकाच्या भाषेत याला 'पीक व्हीओ-टू' म्हणतात.

या परीक्षेत आणखी एक खुबी आहे. रुग्णाने खरोखर जोर लावला की मध्येच सोडून दिले, हे तिला कळते. कार्लमन वॉसरमन यांनी १९६४ मध्येच हृदयरोग्यांबाबत दाखवून दिले होते की स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडू लागला की श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड एकदम वाढतो. तो टप्पा श्वासाच्या आलेखावर ओळखता येतो. त्यामुळे भीतीने लवकर थांबलेल्या रुग्णाला उगाच 'ड' वर्गात घातले जात नाही.

एक हृदय, अनेक हात

हा आकडा मग जीवनमरणाच्या प्रश्नात कसा शिरला? त्यासाठी हृदयारोपणाकडे वळावे लागते. केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी माणसाच्या हृदयाचे पहिले आरोपण केले. पुढच्याच फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ती शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासच जगला, पण जगातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांत मुंबईचे नाव लागले. परके हृदय शरीर नाकारते, ही अडचण १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन या औषधाने बरीचशी आटोक्यात आली आणि आरोपण हा खरा उपचार झाला. भारतात पहिले यशस्वी आरोपण डॉ. वेणुगोपाल यांनी दिल्लीच्या एम्समध्ये ऑगस्ट १९९४ मध्ये केले.

पण हृदये थोडी आणि मागणारे फार. ज्याला दोन वर्षे थांबता आले असते त्याला हृदय दिले, तर ज्याला थांबणे शक्य नाही तो यादीतच मरतो. शस्त्रक्रियेचा स्वतःचा धोका असतो, तो वेगळाच. मग आधी कोणाला द्यायचे?

फिलाडेल्फियाच्या डॉ. डोना मॅन्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ ते १९८९ या काळात आरोपणासाठी पाठवलेल्या ११४ रुग्णांची ही परीक्षा घेतली. १४ ही रेघ ठरवली. ज्यांचा आकडा १४ च्या वर, अशा ५२ जणांना 'तुम्ही तूर्त थांबा' असे सांगितले. १४ किंवा त्याखालच्या ३५ जणांना यादीत घेतले. उरलेल्या २७ जणांचा आकडाही कमीच होता, पण इतर आजारांमुळे त्यांचे आरोपण करता येत नव्हते.

१९९१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. थांबायला सांगितलेल्यांपैकी शंभरातले ९४ वर्षअखेर हयात होते, दोन वर्षांनी ८४; म्हणजे नवे हृदय बसवलेल्यांइतकेच. यादीतल्यांत वर्षभर टिकलेले शंभरात ७०. आणि ज्यांचे आरोपण होऊच शकत नव्हते त्यांच्यात अवघे ४७. यातली खरी विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की तिन्ही गटांतल्या रुग्णांचे पंपिंग जवळजवळ सारखेच होते. बसल्या जागी न दिसणारा फरक चालताना दिसला.

१४ म्हणजे बसलेल्या अवस्थेच्या चौपट. व्यवहारात सांगायचे, तर सावकाश जिना चढायला साधारण इतकाच ऑक्सिजन लागतो. इतकी यंत्रे, इतकी गणिते झाल्यावर शास्त्र पुन्हा आपल्या जिन्यापाशीच येऊन पोचले.

आकडा म्हणजे पत्रिका नव्हे

येथे एक सावधगिरी. असा आकडा हाती आला की आपण त्याची पत्रिका करून टाकतो. "काकांचे १३ आले, आता काय उरलंय?" आमच्याही घरी हेच झाले. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

मॅन्सिनी यांचे रुग्ण तपासले गेले तेव्हा हार्ट फेल्युअरची आजची बरीच औषधे वापरात नव्हती. बीटा-ब्लॉकर जातीची औषधे थकलेल्या हृदयाला देणे तर धोक्याचे मानले जाई. स्वीडनच्या फिन वॉग्स्टीन यांनी १९७५ मध्ये उलट अनुभव मांडला, आणि १९९९ पर्यंत मोठ्या चाचण्यांनी सिद्ध केले की हीच औषधे बेताने वाढवत दिली तर मृत्यू लक्षणीय कमी होतात. मग १४ ची रेघही हलली. ही औषधे घेणाऱ्यांसाठी आरोपणाच्या विचाराची रेघ आता १२ ला ओढतात. तरुणांना आणि स्त्रियांना सरसकट आकडा लावणे न्यायाचे नाही, म्हणून त्यांच्यात वय-लिंगानुसार अपेक्षित आकड्याच्या निम्मा आहे का ते पाहतात. श्वास वाया किती जातो, म्हणजे ठरावीक कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी किती हवा आतबाहेर करावी लागते, हेही आता तितकेच महत्त्वाचे मानतात. एकाच आकड्यावर कोणाचाही निवाडा होत नाही.

आणि आकडा वाढवताही येतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हार्ट फेल्युअरच्या २,३३१ रुग्णांचे दोन गट केले. एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याबरोबर देखरेखीखाली नियमित व्यायाम. मृत्यू आणि इस्पितळाच्या फेऱ्या यांत पडलेला फरक लहानच होता, त्याचा गवगवा करू नये. पण व्यायाम सुरक्षित ठरला, दम थोडा वाढला, आणि रोजचे जगणे सुसह्य झाल्याचे रुग्णांनी सांगितले. लाकूड कापणाऱ्या त्या रुग्णाला दोनशेहून अधिक वर्षांनी साक्षीदार मिळाले.

सहा मिनिटे आणि एक शाबासकी

मास्क आणि पट्ट्याची परीक्षा सगळ्या गावांत होत नाही. तिची धाकटी बहीण मात्र कोठेही होऊ शकते. १९८५ मध्ये कॅनडाच्या गॉर्डन गयाट यांनी हार्ट फेल्युअरच्या रुग्णांसाठी सहा मिनिटे चालण्याची चाचणी मांडली. तीस मीटरचा सपाट बोळ, दोन खुणा, एक घड्याळ. आपल्या चालीने चालायचे, लागले तर थांबायचे, पण घड्याळ थांबत नाही. सहा मिनिटांत किती मीटर झाले ते लिहायचे.

त्यांनी एक गमतीची गोष्टही मोजली होती. चालणाऱ्याला वरचेवर "छान, चालू द्या" म्हटले तर तो सुमारे ३० मीटर जास्त चालतो! म्हणून आता परीक्षा घेणाऱ्याने कोणती वाक्ये कधी म्हणायची, हेसुद्धा ठरलेले आहे. आखाड्यातल्या वस्तादांना हे मोजल्याशिवायच ठाऊक होते.

१९९३ मध्ये व्हेरा बिटनर यांच्या अभ्यासात दिसले की जे ४५० मीटर किंवा जास्त चालले, त्यांच्यात पुढच्या सुमारे आठ महिन्यांत शंभरी तिघे दगावले. जे ३०० मीटरही चालू शकले नाहीत, त्यांच्यात शंभरी दहा. एका बोळात आणि सहा मिनिटांत इतके कळते.

आपल्या देशाला याची गरज जास्त आहे. तिरुवनंतपुरमला २०१३ मध्ये इस्पितळात दाखल झालेल्या हार्ट फेल्युअरच्या १,२०५ रुग्णांची नोंद केली गेली. त्यांचे सरासरी वय ६१ निघाले, पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांहून सुमारे दहा वर्षांनी कमी. म्हणजे हा आजार आपल्याकडे निवृत्तीच्या उंबरठ्यावरच माणसाला गाठतो. नातवंडांची मुंज, मुलीचे लग्न अजून व्हायचे असते.

एक गोष्ट मात्र कोणी घरी करू नये. दम किती ते पाहायला स्वतःच जिना पळत चढू नये. बसल्या जागी दम लागत असेल, छातीत वरचेवर कळ येत असेल, किंवा महाधमनीची झडप फार अरुंद झाली असेल, तर ही परीक्षा घेतच नाहीत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

पुढच्या वर्षी

काकांचा पहिला आकडा १३ आला, हे वर लिहिलेच आहे. आम्ही घाबरलो, डॉक्टर घाबरले नाहीत. त्यांनी औषधे बदलली, हळूहळू वाढवली, आणि पलंग पुन्हा आतल्या खोलीत हलवायला सांगितले. काकांनी आधी ओटीवर फेऱ्या घातल्या, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग सुरसागरच्या काठाने. एका फेरीत किती वेळा टेकावे लागले, हे काकू वहीत लिहून ठेवीत. वर्षाने पुन्हा परीक्षा झाली. १५ आले. पंपिंग तेवढ्या अवधीत २५ चे ३० झाले होते. डॉक्टरांनी त्याचे कौतुक केले, पण आनंद त्यांना १५ चा जास्त झाला. आजार गेलेला नाही. पुढे काय होईल याची हमी कोणी दिलेली नाही, आणि आम्हीही आता ती मागत नाही.

विसर्जनाच्या दिवशी आपण सगळे बाप्पाला पुढच्या वर्षी लवकर यायला सांगतो. वय झालेली माणसे ते म्हणताना क्षणभर थांबतात, हे आम्ही पाहिले आहे. बाप्पा येईलच, आपण असू का, हा प्रश्न त्यांच्या मनात येऊन जातो. आम्ही ज्या परीक्षेचा इतिहास सांगितला, ती याच प्रश्नाला जमेल तितके प्रामाणिक उत्तर देऊ पाहते, आणि उत्तर बदलण्याची संधीही ठेवते.

म्हणून मंडळाच्या सर्व घरांना एवढेच सांगणे. यंदा आरतीच्या वेळी जे खाली खुर्चीवर बसून राहतील, त्यांना प्रसाद नेऊन द्याच, पण जवळ बसून विचारा : गेल्या वर्षी किती पायऱ्या चढत होता? यंदा किती? "बरं चाललंय" यावर समाधान मानू नका. उत्तर कमी झालेले असेल, तर ते त्यांच्या डॉक्टरांपर्यंत पोचवा.

काका गेल्या वर्षी जिना चढून वर आले. मधल्या वळणावर एकदा थांबले, कठड्याला हात टेकला. आम्ही खुर्ची आणायला धावलो, तर म्हणाले, "राहू दे रे. दम घेतोय, दम गेला नाही."